वनहक्क कायदा आणि व्याघ्र संरक्षणाचा वाद

'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वन निवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' हा कायदा सर्वसाधारणपणे वनहक्क कायदा या नावाने ओळखला जातो. तो संमत होत असताना २००५ व २००६ या वर्षांत भारतात संसदेत आणि संसदेबाहेर मोठा वाद झाला. वाघ व इतर संकटग्रस्त वन्यप्राण्यांचे संरक्षण आणि सरकारी वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे हक्क यांची सांगड कशी घालावी, हा त्याचा विषय होता. वृत्तपत्रांतून या वादाला 'वाघ विरुद्ध आदिवासी' असे स्वरूप मिळाले. संसदेने अखेरीस संमत केलेल्या तरतुदी पाहिल्या, तर मात्र त्यांचा मुख्य प्रश्न वेगळा दिसतो : एखादे जंगल वन्यप्राण्यांसाठी माणसांपासून मोकळे करायचे असल्यास तो निर्णय कोणी, कोणत्या पुराव्यावर आणि कोणाच्या संमतीने घ्यावा?

## पार्श्वभूमी

### वनजमिनीची मालकी

भारतातील बहुतांश वने सरकारी मालकीची आहेत. या मालकीचा कायदेशीर पाया ब्रिटिश राजवटीत घातला गेला. भारतीय वन अधिनियम, १९२७ या कायद्याने वनांचे राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे वर्ग केले. राखीव वन घोषित करण्यापूर्वी तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते नोंदवणे किंवा संपुष्टात आणणे अपेक्षित होते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने व जमीनदाऱ्या विलीन झाल्यावर त्यांच्याकडील मोठी क्षेत्रे वनखात्याकडे आली. अनेक ठिकाणी ही चौकशी अपुरी राहिली किंवा झालीच नाही. परिणामी, जंगलातील वस्तीत राहून शेती करणारी किंवा मोहफूल, डिंक, तेंदूपत्ता गोळा करणारी कुटुंबे कागदोपत्री 'अतिक्रमणदार' ठरली.

मूळ राज्यघटनेत वने व वन्यप्राणी हे विषय राज्यसूचीत होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० हा कायदा २५ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आला. त्यानंतर वनजमीन अन्य कामासाठी देण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता घेणे राज्यांवर बंधनकारक झाले. या कायद्यामुळे जंगलतोडीला आळा बसला. परंतु जुन्या वहिवाटीचे दावे मार्गी लावणेही अवघड झाले. त्यामुळे २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख पुढील वादात महत्त्वाची ठरली.

### वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२

या कायद्याने शिकारीवर कठोर निर्बंध घातले आणि राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये घोषित करण्याची पद्धत ठरवून दिली. जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, अशी तरतूद त्यातही होती. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र असे हक्क शिल्लक राहू शकत नाहीत. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटचा समावेश होता. कोरकू समाजाची अनेक गावे या जंगलात होती. संरक्षित क्षेत्र आणि वस्ती एकाच भूमीवर असण्याची ही स्थिती देशातील बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत आढळते.

हक्कांची चौकशी अनेक अभयारण्यांत वर्षानुवर्षे रेंगाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती वर्षभरात पूर्ण करण्याचा आदेश राज्यांना दिला.

### २००२ चे परिपत्रक

टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने 'वन' या शब्दाची व्याप्ती वाढवली. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला १९८० चा कायदा लागू झाला. याच प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे नियमित करण्यास मनाई केली. त्यानंतर केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने ३ मे २००२ रोजी राज्यांना पत्र पाठवले. देशात सुमारे १२.५ लाख हेक्टर वनजमीन अतिक्रमणाखाली असल्याचे नमूद करून, नियमित होण्यास पात्र नसलेली अतिक्रमणे ३० सप्टेंबर २००२ पर्यंत हटवावीत, असे त्यात म्हटले होते.

या पत्रानंतर अनेक राज्यांत झोपड्या पाडण्याच्या व पिके नष्ट करण्याच्या कारवाया झाल्या. त्यांना विरोध करण्यासाठी विविध राज्यांतील आदिवासी संघटना 'कॅम्पेन फॉर सर्व्हायव्हल अँड डिग्निटी' या व्यासपीठावर एकत्र आल्या आणि वनहक्कांसाठी स्वतंत्र कायदा करण्याची मागणी पुढे आली.

## सारिस्का आणि व्याघ्र कृतिदल

वनहक्कांचा मसुदा तयार होत असतानाच, २००५ च्या प्रारंभी राजस्थानातील सारिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी एक संपूर्ण व्याघ्र प्रकल्प रिकामा केल्याची ही बातमी देशाला हादरवणारी होती. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या सरकारने एप्रिल २००५ मध्ये सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले. पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, हेमेंद्र सिंह पनवार, समर सिंह आणि वाल्मीक थापर हे त्याचे अन्य सदस्य होते. ऑगस्ट २००५ मध्ये कृतिदलाने 'जॉइनिंग द डॉट्स' हा अहवाल सादर केला.

त्या वेळच्या २८ व्याघ्र प्रकल्पांत सुमारे दीड हजार गावे असून त्यांतील सुमारे अडीचशे गावे गाभा क्षेत्रात होती. तीस वर्षांत स्थलांतर मात्र सुमारे ८० गावांचेच झाले होते. या आकड्यांवरून कृतिदलाने दोन निष्कर्ष काढले. वाघाच्या प्रजननासाठी अत्यावश्यक असलेल्या जागांतील गावे चांगल्या पुनर्वसनासह तातडीने हलवावीत. पण सर्व गावे हलवणे शक्य नसल्याने उर्वरित ठिकाणी सहअस्तित्वाचे मार्ग शोधावेत. थापर यांनी अहवालाला भिन्नमत जोडले. सहअस्तित्वाची कल्पना वाघाच्या बाबतीत व्यवहार्य नाही आणि काही क्षेत्रे वाघांसाठी पूर्णपणे राखून ठेवलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता.

## २००५ चे विधेयक

१३ डिसेंबर २००५ रोजी 'अनुसूचित जमाती (वन हक्कांची मान्यता) विधेयक' लोकसभेत मांडण्यात आले. त्याचा मसुदा पर्यावरण व वन मंत्रालयाने नव्हे, तर आदिवासी कार्य मंत्रालयाने तयार केला होता. मूळ विधेयकातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

* लाभ केवळ अनुसूचित जमातींना मिळणार होता.
* २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीचा ताबा ग्राह्य धरला जाणार होता.
* प्रत्येक कुटुंबाला कमाल २.५ हेक्टर जमिनीवर हक्क मिळणार होता.
* राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांच्या गाभा क्षेत्रात पाच वर्षांपुरते तात्पुरते हक्क मिळणार होते. या मुदतीत पुनर्वसन न झाल्यास ते हक्क कायम होणार होते.

## वादाचे मुद्दे

### संरक्षणवाद्यांचे आक्षेप

वन्यजीव संरक्षणाच्या क्षेत्रातील अनेक संस्थांनी विधेयकाला विरोध केला. जंगलाच्या आत ठिकठिकाणी शेतजमिनीचे तुकडे कायम झाल्यास सलग अधिवासाची चाळण होईल, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. वाघीण ठरावीक क्षेत्र व्यापून राहते, आणि पिल्ले वाढवण्यासाठी तिला पुरेसे भक्ष्य व शांतता लागते. २० प्रजननक्षम वाघिणींची संख्या टिकवण्यासाठी सुमारे ८०० ते १,२०० चौरस किलोमीटर मानवी वावरापासून मुक्त क्षेत्र लागते, असे गणित व्याघ्र व्यवस्थापनात मानले जाते. एवढे सलग जंगल देशात मोजक्याच ठिकाणी उरले आहे.

दुसरा आक्षेप तारखेचा होता. ताब्याची अंतिम तारीख पुढे सरकवली, तर नव्या अतिक्रमणांना उत्तेजन मिळेल आणि पुढेही तारीख बदलेल या आशेने जंगल तोडले जाईल, अशी भीती होती. आदिवासींच्या नावावर जमिनी मिळवून त्या धनदांडग्यांच्या घशात जातील, अशी शंकाही व्यक्त झाली.

### समर्थकांची बाजू

विधेयक नव्याने जमीन वाटत नसून, प्रत्यक्ष वहिवाटीखाली असलेल्या जमिनीवरील जुना हक्क केवळ नोंदवत आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. क्षेत्राचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. ते प्रत्येकाला मिळणारे क्षेत्र नव्हे. हक्क अनिश्चित असले की जंगलाविषयी आपलेपणा राहत नाही आणि वनखाते व गावकरी यांच्यातील वैराचा लाभ शिकाऱ्यांना मिळतो, असाही युक्तिवाद करण्यात आला. सारिस्कातील वाघ वनखात्याच्या पूर्ण ताब्यातील क्षेत्रातून नाहीसे झाले होते. खाणी, धरणे व रस्ते यांसाठी वनजमीन देताना सरकार लोकांना विचारत नाही, मग जंगल राखण्याच्या प्रसंगी सर्व भार त्यांच्यावरच का, हा प्रश्नही वारंवार विचारला गेला.

## संयुक्त संसदीय समिती

विधेयक खासदार व्ही. किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे पाठवण्यात आले. समितीने २३ मे २००६ रोजी अहवाल सादर केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या बिगर-आदिवासींचा समावेश करावा, ताब्याची तारीख १३ डिसेंबर २००५ करावी, क्षेत्राची कमाल मर्यादा काढावी आणि ग्रामसभेला निर्णायक अधिकार द्यावेत, अशा शिफारशी तिने केल्या. गाभा क्षेत्राबाबतची पाच वर्षांची योजना बाजूला ठेवून, शास्त्रीय निकषांवर निश्चित केलेल्या 'संकटग्रस्त वन्यजीव अधिवास' या नव्या संकल्पनेचा पुरस्कार तिने केला.

सरकारने या शिफारशी अंशतः स्वीकारल्या. इतर पारंपरिक वन निवासींचा समावेश झाला. पण त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करण्याची अट घालण्यात आली. कमाल मर्यादा ४ हेक्टर झाली. दाव्यांची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते; परंतु अंतिम निर्णय उपविभागस्तरीय समितीमार्गे जिल्हास्तरीय समितीकडे गेला. विधेयक १५ डिसेंबर २००६ रोजी लोकसभेत व १८ डिसेंबर रोजी राज्यसभेत संमत झाले. २९ डिसेंबर २००६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

## २००६ चे दोन कायदे

वनहक्क विधेयक संमत होण्यापूर्वीच, सप्टेंबर २००६ मध्ये, वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम अमलात आला होता. या सुधारणेने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि कलम ३८-व्ही अन्वये 'संकटग्रस्त व्याघ्र अधिवास' ही संकल्पना कायद्यात आली. अशा प्रकारे एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या मंत्रालयांच्या दोन कायद्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर दिले. ही दोन्ही उत्तरे बऱ्याच अंशी समान आहेत. गाव हलवण्यापूर्वी पुढील अटी पूर्ण होणे आवश्यक ठरले :

* त्या क्षेत्रातील हक्कांची मान्यता प्रक्रिया पूर्ण झालेली असावी.
* लोकांच्या वावरामुळे प्रजातीची व अधिवासाची भरून न येणारी हानी होईल, असे सिद्ध झालेले असावे.
* सहअस्तित्वासारखा अन्य वाजवी पर्याय उपलब्ध नसावा.
* उपजीविकेची हमी देणारी पुनर्वसन योजना तयार असावी आणि नव्या ठिकाणच्या सुविधा स्थलांतरापूर्वी पूर्ण झालेल्या असाव्यात.
* संबंधित ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती घेतलेली असावी.

वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) मध्ये आणखी एक अट आहे. संकटग्रस्त वन्यजीव अधिवास म्हणून मोकळे केलेले क्षेत्र पुढे राज्य सरकारला, केंद्र सरकारला किंवा अन्य कोणालाही दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. वन्यप्राण्यांसाठी म्हणून गाव हलवायचे आणि कालांतराने तेथे खाण किंवा प्रकल्प आणायचा, ही शक्यता या अटीने बंद केली. ती लोकांना जितकी उपयोगी आहे तितकीच वन्यप्राण्यांनाही.

वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. मिळालेली जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत ती पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवली जाते. कायद्याच्या नियमांनुसार केवळ सरकारी कागदच नव्हे, तर जुनी घरे, विहिरी, दफनभूमी यांच्या खुणा आणि गावातील वडीलधाऱ्यांची निवेदनेही पुरावा म्हणून चालतात. ग्रामसभेला वन, वन्यप्राणी व जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार कलम ५ ने दिले आहेत.

## डिसेंबर २००७ मधील अधिसूचना

वनहक्क कायदा संमत झाला तरी त्याची अंमलबजावणी ३१ डिसेंबर २००७ पर्यंत सुरू झाली नाही. त्याआधीच्या काही आठवड्यांत अनेक राज्यांनी संकटग्रस्त व्याघ्र अधिवास घाईने अधिसूचित केले. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी आणि पेंच यांचे असे अधिवास २७ डिसेंबर २००७ रोजी, म्हणजे वनहक्क कायदा लागू होण्याच्या चार दिवस आधी, जाहीर झाले. मेळघाटचे क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर होते. स्थानिक चौकशी व ग्रामसभांशी विचारविनिमय न करता ही क्षेत्रे आखली गेली, अशी टीका वनहक्क संघटनांनी केली. शिकारीचे संकट तातडीचे असल्याने विलंब परवडणारा नव्हता, असे संरक्षणवाद्यांचे उत्तर होते.

## अंमलबजावणी

### महाराष्ट्र

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले असूनही गावाला वाहतूक परवान्यांसाठी संघर्ष करावा लागला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी झाडांची छाटणी होते व जंगलात आगी लावल्या जातात, हे लक्षात घेऊन उत्पन्नाचा हा मार्ग या ग्रामसभेने स्वतःहून बंद केला आणि जंगलाचा काही भाग पूर्णपणे राखून ठेवला.

### व्याघ्र प्रकल्प

कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिर व्याघ्र प्रकल्पात सोलिगा समाजाच्या ग्रामसभांना २०११ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मान्य होण्याचे हे देशातील पहिले उदाहरण मानले जाते. अन्यत्र प्रगती मंद राहिली. मार्च २०१७ मध्ये व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने संकटग्रस्त व्याघ्र अधिवासात वनहक्क देऊ नयेत, असा आदेश काढला. तो २०१८ मध्ये मागे घेण्यात आला.

स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी २००८ पासून १० लाख रुपयांचे आर्थिक साहाय्य ठरवण्यात आले. २०२१ मध्ये ते १५ लाख करण्यात आले. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना पाठवलेल्या पत्रानुसार संकटग्रस्त व्याघ्र अधिवासांत अद्याप ५९१ गावे व ६४,८०१ कुटुंबे होती. त्यांचे स्थलांतर प्राधान्याने करण्याच्या सूचनेवर आदिवासी संघटनांनी आक्षेप घेतला. संमती 'स्वेच्छेची' असल्याचे कसे ठरवायचे, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. जंगलातील गावात रस्ता, वीज व शाळा दिली नाही, तर लोक निघून जाण्यास होकार देतात. हा होकार मुक्त म्हणता येईल काय, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला.

## न्यायालयीन प्रकरणे

काही वन्यजीव संस्थांनी २००८ मध्ये वनहक्क कायद्याच्या घटनात्मक वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने, ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळले गेले आहेत अशांना वनजमिनीवरून हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. फेटाळलेल्या दाव्यांची संख्या अकरा लाखांहून अधिक होती. देशभर विरोध झाल्यानंतर व केंद्र सरकारने विनंती केल्यानंतर २८ फेब्रुवारी रोजी या आदेशाला स्थगिती देण्यात आली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती काय, याची माहिती न्यायालयाने राज्यांकडून मागवली.

त्याआधी १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरी येथील बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात न्यायालयाने ग्रामसभांचा निर्णय मागवला होता. निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

## नंतरच्या सुधारणा

वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या सुधारणेनुसार, अनुसूचित क्षेत्रांत किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या ठिकाणी अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार करावयाचा आहे. २०२३ मध्ये १९८० च्या कायद्यातही सुधारणा होऊन त्याचे नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे झाले. काही प्रकारच्या वनजमिनी त्याच्या कक्षेतून वगळल्या गेल्या. या विधेयकाच्या वेळी वन्यजीव संस्था आणि वनहक्क संघटना यांपैकी अनेक जणांनी एकाच बाजूने आक्षेप नोंदवले, हे २००६ च्या तुलनेत लक्षणीय ठरते.

## मूल्यमापन

अखिल भारतीय व्याघ्रगणनेनुसार देशातील वाघांची अंदाजे संख्या २००६ मध्ये १,४११ होती. २०२२ मध्ये ती ३,६८२ झाली. महाराष्ट्रात ती १०३ वरून ४४४ वर गेली. या वाढीचे श्रेय एकाच कायद्याला देता येत नाही. शिकारीविरोधी बंदोबस्त, भक्ष्य प्राण्यांची वाढ, गावांचे स्थलांतर व स्थानिकांचे सहकार्य ही सर्व कारणे सांगितली जातात. वनहक्क कायद्यामुळे वाघ संपतील, ही २००६ मधील भीती राष्ट्रीय आकड्यांत मात्र दिसून आली नाही. दुसरीकडे, वाढलेल्या वाघांमुळे संरक्षित क्षेत्राबाहेर, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यात, माणूस व वाघ यांच्यातील संघर्ष तीव्र झाला आहे. त्यामुळे सहअस्तित्वाचा मार्ग सोपा आहे, हे गृहीतकही टिकलेले नाही.

दोन्ही कायद्यांनी आखून दिलेली प्रक्रिया, म्हणजे हक्कांची नोंद, हानीचा शास्त्रीय पुरावा, पर्यायांचा विचार व ग्रामसभेची संमती, ही बहुतेक ठिकाणी पूर्णतः पाळली गेलेली नाही, अशी टीका होते. संरक्षणवादी व वनहक्क कार्यकर्ते यांची यामागील कारणे परस्परविरोधी असली, तरी या एका निरीक्षणावर त्यांच्यातील अनेकांचे एकमत आढळते. हक्क नोंदवल्याशिवाय लोकांचे योग्य पुनर्वसन होत नाही, आणि त्याशिवाय वाघांसाठी मोकळे केलेले क्षेत्रही निर्विवाद राहत नाही.